मुंबई आमची कशी झाली

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. इथल्या शाळेतला एखादा मुलगा उद्या खरोखर चांगला खेळू लागला, जिल्ह्याच्या संघातून वर चढत गेला, तर तो रणजी कोणाकडून खेळेल?

मागच्या खुर्च्यांवरून दोन-तीन आवाज आले, "मुंबई." तो मुलगा महाराष्ट्राकडून खेळेल. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे आपले तिन्ही जिल्हे क्रिकेटच्या कारभारात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतात आणि तिचा कारभार पुण्यातून चालतो. मुंबईची संघटना वेगळी, विदर्भाची वेगळी. महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला होता. आपल्याकडे हे कोणाच्या तोंडी नाही. मुंबईने मात्र ४२ वेळा जिंकला, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. म्हणजे कागदावर आपला संघ एक आणि मनात दुसराच.

हे कसं झालं, हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात घोळवतो आहे. शिक्षक म्हणून नोकरी झाली, कबड्डीचा पंच म्हणून गावोगाव फिरलो. फिरताना एक सवय लागली. कोणी भेटलं की विचारायचं, तुमचा संघ कोणता? आणि मग लगेच, तो तुमच्याकडे कोणी आणला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक झटकन देतात. दुसऱ्याला जरा थांबतात, आणि मग बहुतेक वेळा एखाद्या माणसाचं नाव येतं. मामा, थोरला भाऊ, शेजारचा कोणी तरी, शाळेतले गुरुजी. संघाचा खेळ आवडला म्हणून मी त्याच्या बाजूने गेलो, असं सांगणारे मला फार थोडे भेटले.

माझ्याकडे तो माझ्या वडिलांनी आणला.

माझा जन्म १९६५ चा, राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावात. वडील परळच्या एका गिरणीत होते. राहायला गावकीच्या खोलीत. ती खोली इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. एका खोलीत आमच्या गावचे पंधरा-सोळा बाप्ये. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी तिच्याच जागेवर अंथरूण टाकणार. जेवण खानावळीत. वडील गणपतीला यायचे, जमलं तर शिमग्याला, आणि मे महिन्यात चार दिवस. बाकीचं वर्षभर त्यांच्याकडून दोन गोष्टी यायच्या, मनीऑर्डर आणि पत्र. पत्राचा पहिला अर्धा भाग आईसाठी, घराच्या शाकारणीचा, भाताच्या बियाण्याचा, कोणाकडून घेतलेल्या उसनवारीचा. खालचा अर्धा माझ्यासाठी आणि त्यात क्रिकेट. सुट्टीच्या दिवशी ते आझाद मैदानाच्या कडेला उभे राहून सामने बघायचे आणि मला लिहून कळवायचे.

मी तिसरीत होतो, १९७३ साली, तेव्हा मद्रासला रणजीचा अंतिम सामना झाला. मुंबई विरुद्ध तमिळनाडू. पद्माकर शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी घेतले आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तमिळनाडूचा पहिला डाव ८०, दुसरा ६१. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. मुंबईचं ते सलग पंधरावं अजिंक्यपद. हे शिवलकर कसोटी एकदाही खेळले नाहीत, मार्च २०२५ मध्ये ते गेले. त्या दिवशी मी घरात कोणाशी फार बोललो नाही. वडिलांच्या पत्रातली ती ओळ मला अजून पाठ आहे: "शिवलकरने आठ काढल्या, सोळा धावांत. खोलीत सगळ्यांनी पेढे खाल्ले." मी मुंबई पाहिली नव्हती. पण पेढे खाणारी ती खोली मला डोळ्यांसमोर दिसत होती.

आणखी एक गोष्ट होती. त्या वेळच्या मुंबईच्या संघातली नावं बघा. गावसकर, वाडेकर, सोलकर, शिवलकर. पुढे वेंगसरकर, मांजरेकर, तेंडुलकर, आगरकर. आमच्या स्टँडवर उभं राहून एसटीच्या पाट्या वाचाव्यात तसा तो धावफलक वाटायचा. 'कर' लागलेलं प्रत्येक आडनाव कोकणातलं नसतं, हे मला पुढे कळलं. पण आठ वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. दिलीप वेंगसरकर तर राजापूरचे, तिथेच जन्मलेले. तेंडुलकरला घडवणारे रमाकांत आचरेकर मालवणचे. आपली माणसं पोटासाठी मुंबईला गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांची आडनावं मैदानावर गेली. मग तो संघ परका वाटणार कसा?

आता पुढच्या वर्षाची हकीकत सांगतो, कारण या विषयाचं मर्म मला तिथे कळलं. १९७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला हरवलं. प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडवला, वाडेकर धावचीत झाले आणि पंधरा वर्षांची माळ तुटली. मुंबई हरू शकते हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीपासून ती दर वर्षी जिंकतच आलेली होती. मी पडवीत बसून रडलो. आमच्या वाडीतला माझ्याच वर्गातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी आता कर्नाटक." मला त्याचा संताप आला. घरी येऊन आईला सांगितलं. आईला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. ती चुलीपुढे बसली होती, तिथूनच म्हणाली, "काल बाबांनी जेवण सोडलं असेल."

तेव्हा मला समजलं की मी कोणासाठी रडत होतो. मुंबई हरली त्या संध्याकाळी परळच्या खोलीत माझे वडील गप्प बसले असणार, आणि इथे पडवीत मीही गप्प बसलो होतो. वर्षातले अकरा महिने आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. पण त्या एका संध्याकाळी आम्हा दोघांना एकच दुःख होतं. माझ्या वर्गमित्राचे वडील गावातच शेती करत. त्याच्याकडे मुंबई रेडिओवरून आली होती, माणसाकडून नव्हे. त्याला बाजू बदलणं सोपं होतं, आणि आज मी त्याला दोष देत नाही.

अभ्यासकांनी या गोष्टींचा शोध घेतला आहे. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक निरीक्षण मांडलं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून वर्गात येतात. आणि जिंकल्यावर "आम्ही जिंकलो" म्हणणारी मुलं, हरल्यावर "ते हरले" म्हणू लागतात. माझा वर्गमित्र मला तिथे भेटला. दुसरं काम बरंच अलीकडचं, २०१४ चं. सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोवित्झ यांनी फेसबुकवरच्या आवडींवरून असं दाखवलं की अमेरिकन पुरुषांचा बेसबॉलचा लाडका संघ बहुधा तो असतो, जो ते आठ वर्षांच्या आसपास असताना जिंकत होता. हे वाचलं तेव्हा मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. १९७३ साली मी आठ वर्षांचा होतो.

पण आकडेवारीत एक गोष्ट येत नाही. आठव्या वर्षी संघ कोणाच्या तरी बोटाला धरून येतो, आणि ते बोट कोणाचं होतं यावर तो टिकणार की जाणार हे ठरतं. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते मी आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांकडे बघून सांगतो आहे. खेड, दापोली, चिपळूणकडच्या खाडीपट्ट्यात जा. मँचेस्टर युनायटेडच्या लाल जर्सीत कातळावर फुटबॉल खेळणारी मुलं दिसतील. इंग्लंडमधलं ते शहर त्यांनी नकाशातही पाहिलेलं नसतं. पण मामा कुवेतला असतात, चाचा सौदीला, आणि ती जर्सी त्यांच्या बॅगेतून आलेली असते. मामा रात्री तिकडे सामना बघतात, भाचा इकडे. आमच्या वेळी परळ होतं, त्यांच्या वेळी कुवेत.

१९९० साली इंग्लंडमध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या एका राजकारण्याने म्हटलं होतं की आशियातून आलेली माणसं क्रिकेटमध्ये कोणाच्या बाजूने ओरडतात, यावरून त्यांची निष्ठा ओळखावी. चाकरमान्यांच्या मुलाला हे ऐकून वाईट वाटतं. माणूस एका ठिकाणी राबतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा जीव असतो, यात बेइमानी कसली? माझ्या वडिलांनी मुंबईत राहून गावच्या वाडीच्या कबड्डी संघाला वर्गणी पाठवली आणि गावात येऊन मुंबईचा जयजयकार केला. त्यांच्यात कुठेही फट नव्हती.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. इथे बसलेल्या काहींना तो आवडणार नाही, पण तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

आपल्याकडे मे महिन्यात सड्यावर, भातकापणीनंतर मळ्यात, गावोगाव स्पर्धा होतात. संघाला ग्रामदेवतेचं नाव असतं, नाहीतर वाडीचं. आणि वाडी म्हणजे काय, हे आपण सगळे जाणतो. आपल्या कित्येक वाड्यांची नावंच जातींवरून पडली आहेत. मी पंच म्हणून उभा असताना बाजूच्या गर्दीतून चढाई करणाऱ्या पोराला उद्देशून जे शब्द ऐकले आहेत, ते इथे उच्चारवत नाहीत. त्या पोराचा दोष एवढाच असायचा की तो पलीकडच्या वाडीचा. वाडीचं प्रेम ही गोड गोष्ट आहे, मी ते प्रेम जगलो आहे. पण त्या प्रेमाच्या आडून जुना विटाळ कधी आत येतो, ते कळतही नाही.

पाळवणकर बंधूंची आठवण मला अशा वेळी येते. आडनावातच कोकणातलं गाव. बाळू पाळवणकर चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची कामं करता करता ते गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले आणि त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांविरुद्ध जिंकायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी याच प्रश्नावर संघातून अंग काढून घेतलं. शेवटी १९२३ साली विठ्ठल पाळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

विचार करा, त्या काळी मुंबईच्या मैदानावर संघ निवडायचा प्रश्नच नव्हता. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि १९३७ पासून बाकीच्यांचा 'रेस्ट' असे पाच संघ होते. माणूस ज्या धर्मात जन्मला, तो त्याचा संघ. १९४० साली हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधीजींना विचारायला गेले, तेव्हा त्यांनी धर्मावरून संघ करणं चूक असल्याचं स्पष्ट सांगितलं. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. तिची जागा रणजी स्पर्धेने घेतली, जिथे संघ प्रांताचे आणि शहरांचे. माझ्या वडिलांच्या खोलीतल्या सोळा जणांनी ज्या मुंबईसाठी पेढे खाल्ले, ती मुंबई त्या बदलामुळे शक्य झाली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. एका शहराच्या नावाखाली सोलकर आणि पारशी समाजातले फारुख इंजिनियर एकत्र खेळले आणि आमच्या खोलीने दोघांसाठी टाळ्या वाजवल्या.

ब्रिस्टलमध्ये हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांवर प्रयोग केले होते, १९७० च्या सुमाराला. तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात, तुला कांडिन्स्कीची, असं सांगून मुलांचे दोन गट पाडले. खरं तर ती वाटणी कशीही केलेली होती. एवढ्यावर मुलं पैसे वाटताना आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. गट पडायला इतकं थोडं कारण पुरतं. म्हणून कोणत्या कारणावर गट पाडायचा, याची जबाबदारी मोठ्यांवर असते. मी पंच असताना काही गावांत आयोजकांच्या मागे लागून वाड्यांऐवजी चिठ्ठ्या टाकून संघ पाडायला लावले. दोन ठिकाणी जमलं. एका ठिकाणी चिठ्ठ्या टाकल्यावर निम्मे खेळाडू घरी निघून गेले. तरीही मी हे सांगत राहणार आहे.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. वडील वर्षभराने पेटी घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. ज्या गिरणीत पंचवीस वर्षं घातली, तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली. मुंबईचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. मला वाटलं, आता क्रिकेटही सुटलं. मग १९९१ चा रणजीचा अंतिम सामना आला. वानखेडेवर हरियाणाविरुद्ध मुंबईला ३५५ हव्या होत्या. तेंडुलकर ९६ करून गेला. वेंगसरकर १३९ वर नाबाद उभे होते, शेवटचा गडी धावचीत झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर मैदानावर रडले. पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आला. वडिलांनी तो वाचला, घडी घातली आणि मला म्हणाले, "आपल्या राजापूरचा पोर रडला रे." त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आईने ताट झाकून ठेवलं. शहराने त्यांना सोडलं होतं, पण संघ त्यांच्या आत तसाच होता.

आयपीएलचं थोडक्यात सांगतो. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईने पुण्याला एका धावेने हरवलं, तेव्हा पुन्हा तेच झालं. कागदावरचं आपलं पुणं हरलं आणि आपल्या गावांत फटाके वाजले. आता मात्र कोकणातल्या घरोघरी चेन्नईची पिवळी जर्सी दिसते, कारण मुलं धोनीच्या मागे गेली. कबड्डीत इराणहून आलेला फजल अत्राचली यू मुंबाचा कर्णधार झाला, तेव्हा आमच्या वाडीतली पोरं डाव्या कोपऱ्यात उभी राहून "मी फजल" म्हणू लागली. पूर्वी मला हे उथळ वाटायचं. आज वाटत नाही. या मुलांचे वडील घरी असतात, त्यांना दूरच्या खोलीशी नातं जोडायची गरज नाही. ती एखाद्या माणसाच्या खेळावर जीव लावतात. तोही जीवच.

माझी नात अंधेरीला राहते, नऊ वर्षांची आहे. मुंबईत राहून ती बंगळुरूच्या बाजूची. २०२४ मध्ये बंगळुरूने महिलांची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची कर्णधार. आमच्या घराण्यात मुंबई सोडणारी ती पहिली. मला आधी लागलं. मग लक्षात आलं की मी मुलाला संघ दिला, पुतण्यांना दिला, पण घरातल्या मुलींना मी कधी काही दिलंच नव्हतं. तिने तिचा तिने घेतला.

२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्या वेळी आम्ही सगळे अंधेरीला होतो. मध्यरात्र उलटून गेली होती, नात झोपायला तयार नव्हती. तिने आजीला विचारलं, "आजी, तुझी टीम कोणती?" माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मी गावोगाव लोकांना हा प्रश्न विचारत फिरलो आणि माझ्या बायकोला तो कधी विचारला नव्हता. ती सावंतवाडीकडची. तिचे दोन्ही भाऊ वास्कोला कामाला होते, हे मला माहीत होतं.

ती लगेच म्हणाली, "साळगावकर. आणि कोण असतला?"

नातीला कळेना. मीही चमकलो. मग ती सांगत बसली. भाऊ सुट्टीला आले की फुटबॉलच्याच गोष्टी, एकदा तिला त्यांनी वास्कोला नेलं आणि मैदानावर सामना दाखवला, हिरव्या जर्सीतला कोण कुठून धावला ते ती हाताने दाखवत होती. नातीने मोबाइलवर शोधलं. गोव्याच्या साळगावकर क्लबने २०१६ साली आय-लीग या फुटबॉल स्पर्धेतून माघार घेतली, असं तिने वाचून दाखवलं, आणि म्हणाली, "आजी, मग आता तू कोणाची?"

"सांगलंय ना," ती म्हणाली, "साळगावकर." आणि उठून तिने तिच्या धाकट्या भावाला फोन लावला. रात्रीचा दीड वाजला होता. तो जागाच होता.